कवटीवरील खूण आणि रानाचा इतिहास

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांस नवल वाटले असेल. लहान मुलांच्या डोक्याच्या हाडांत उद्भवणारे विरळ विकार आणि त्यांचे निदान हा विषय डॉक्टरांच्या सभेत शोभावा. तो इतिहासाच्या व्यासपीठावर कशासाठी? चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गोंड राजांनी बांधलेला चांद्याचा परकोट येतो, जटपुरा दरवाजा येतो, वैनगंगेच्या काठची मार्कंड्याची देवळे येतात. परंतु इतिहास केवळ दगडांवरच कोरलेला असतो असे नाही. तो माणसाच्या रक्तात असतो, आणि रक्तातून त्याच्या हाडांवरही उमटतो. आमच्या मते या दोन जिल्ह्यांतील पोराच्या कवटीवरची खूण नीट वाचायची असेल, तर येथल्या रानाचा इतिहास वाचल्यावाचून गत्यंतर नाही. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून ते क्रमाक्रमाने सिद्ध करण्याचा प्रयत्न करू.

प्रथम कवटीचीच ओळख करून घेऊ. जन्मतः मुलाची कवटी एकसंध नसते. तिची हाडे सुटी असतात, त्यांच्यामध्ये सांधे असतात आणि माथ्यावर मऊ टाळू असते. ही टाळू रोज तेलाने भरणारी आई किंवा आजी हीच मुलाच्या कवटीची पहिली परीक्षक होय. आयुर्वेदाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे परीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत. त्यांतील स्पर्शनाचे काम आपल्या घरोघरी शास्त्राचे नावही न घेता चाललेले असते. डोक्यावर नवे टेंगूळ आले, तर ते डॉक्टरच्या बोटांना लागण्यापूर्वी आईच्या बोटांना लागते.

अशी टेंगळे पुष्कळदा निरुपद्रवी असतात. बाळंतपणात दाब पडून कवटीच्या हाडावरील आवरणाखाली रक्त साचते. ही सूज त्या एका हाडापुरतीच राहते, सांधा ओलांडीत नाही. आणि काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, आपोआप ओसरते. ती सुईने टोचून काढू नये हाच तिच्यावरील शहाणपणाचा उपाय. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी किंवा हाडांच्या सांध्यावर, न दुखणारी व सावकाश वाढणारी गाठ दिसली, तर ती बहुधा गर्भावस्थेत त्वचेचा अंश आत अडकून झालेली असते. तीही सौम्यच; मात्र कपाळाच्या किंवा डोक्याच्या मध्यरेषेवर असेल, तर तिचे मूळ आत मेंदूपर्यंत गेलेले असण्याचा संभव असल्यामुळे चित्र काढून पाहिल्याशिवाय तीवर शस्त्र चालवू नये. वरून सारखी दिसणारी दोन टेंगळे आतून किती निराळी असू शकतात, हे एवढ्यावरूनही ध्यानात येईल.

मग हे निदान मनुष्याने शिकले कसे? एका उदाहरणावरून ते पाहू. १८९३ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी आल्फ्रेड हँड या डॉक्टरने तीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाला तहान फार, लघवी फार, डोळे पुढे आलेले, आणि मृत्यूनंतर पाहता कवटीच्या हाडात पिवळसर, मऊ पडलेली जागा. हँडने निदान केले क्षयाचे. तो काळच असा होता की, हाड पोखरलेले दिसले म्हणजे क्षय आठवावा. दोन वर्षांनी, १८९५ च्या नोव्हेंबरात, राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाची कवटी आतून पाहण्याची सोय झाली. व्हिएन्नाच्या आर्थर शूलर या डॉक्टरने १९१५ साली अशा मुलांच्या कवटीची चित्रे दाखविली. हाडांत ठिकठिकाणी पडलेल्या भोकांच्या वेड्यावाकड्या कडांमुळे सबंध कवटी भूगोलाच्या नकाशासारखी दिसत होती. त्यामागून बोस्टनच्या हेन्री ख्रिश्चनने या विकाराची अधिक ओळख करून दिली आणि तिघांची नावे त्या विकाराला चिकटली.

पुढे १९४० साली लिख्टेनस्टाइन आणि जॅफी यांनी दाखविले की, कित्येक मुलांत याच जातीची पोकळी एखाद्याच हाडात होते आणि ती बहुधा बरी होते. कधी आपोआप, कधी नुसती खरवडून. १९५३ साली लिख्टेनस्टाइनने सौम्य आणि घातक असे या कुळातील सर्व विकार एका नावाखाली आणले. त्या नावात मूळ पेशीच्या जागी त्याने बीजगणितातल्या अज्ञात राशीचे ‘एक्स’ हे अक्षर घातले. ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे नावातच लिहून ठेवण्याचा हा प्रांजळपणा आम्हांस शास्त्राच्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. हे अक्षर पुढे गळून पडले. १९७३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्या पेशींचे नाते लांगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ साली त्वचेत पाहिलेल्या पेशींशी जुळले, आणि २०१० साली यांपैकी अनेक गाठींत एका विशिष्ट जनुकातील बिघाडही सापडला. क्षयापासून जनुकापर्यंतच्या या प्रवासास शंभराहून अधिक वर्षे लागली. या अवधीत किती मुलांना नसलेल्या क्षयाचे किंवा नसलेल्या कर्करोगाचे उपचार सोसावे लागले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता याच कवटीच्या दुसऱ्या एका खुणेकडे वळू, कारण तीच आपल्याला आपल्या जिल्ह्यांत आणून सोडणार आहे. कवटीचे हाड म्हणजे एकच घट्ट पत्रा नव्हे. फुगलेल्या भाकरीला जसे दोन पापुद्रे असतात, तसे तिला दोन थर असतात, आणि त्यांच्यामध्ये जाळीदार जागेत मज्जा असते. ही मज्जा रक्त तयार करण्याचा कारखाना होय. शरीरात रक्त झपाट्याने नासू लागले, तर कारखान्यास रात्रपाळी करावी लागते. मज्जा वाढते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात, कपाळ पुढे येते. क्ष-किरणाच्या चित्रात अशा कवटीवर बारीक उभ्या रेघा दिसतात, जणू ताठ उभे राहिलेले केसच. १९२५ साली डेट्रॉइटचे थॉमस कूली आणि त्यांच्या सहकारी पर्ल ली यांनी रक्तक्षय, वाढलेली पानथरी आणि हाडांतील असे चमत्कारिक बदल असणाऱ्या मुलांचे वर्णन केले. ज्याला आज आपण थॅलसेमिया म्हणतो तो हा रोग. गाठ नाही, जंतू नाही. हाडाचे दुखणे मुळात रक्ताचे दुखणे होते.

याच जातीचा दुसरा रोग म्हणजे सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीज बेटांतील ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी असल्याचे प्रसिद्ध केले. निरोगी तांबडी पेशी वाटोळी आणि लवचीक असते. अरुंद रक्तवाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते. विळ्याची पेशी ताठर असते. ती अडकते, तिच्यामागे दुसऱ्या अडकतात, आणि पुढच्या भागाचे रक्त तुटते. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. त्यानंतर काही वर्षांत व्हर्नन इनग्राम यांनी तो दोष नेमका शोधला: प्रथिनाच्या लांबलचक साखळीतील एका जागी एका आम्लाऐवजी दुसरे आलेले असते. शेकडो अक्षरांच्या पोथीत एक अक्षर चुकावे आणि अर्थाचा अनर्थ व्हावा, तसा हा प्रकार होय.

हे अक्षर चुकले ते टिकले का? जो दोष मुलांचा जीव घेतो तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाच कसा? येथे आपण रानात प्रवेश करतो. रक्ताच्या असल्या दोषांमागे हिवताप असावा हा तर्क १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलसेमियासंबंधी मांडला होता. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. सिकलसेलविषयी हे प्रत्यक्ष दाखविले अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली, पूर्व आफ्रिकेत. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो तो वाहक. त्याला रोग होत नाही, उलट घातक हिवतापापासून त्याचे बऱ्याच अंशी रक्षण होते. दोघांकडून दोष मिळतो तो मात्र रोगी होतो, आणि त्याला तर हिवताप अधिकच जाचतो. म्हणजे ज्या भूमीत हिवताप शतकानुशतके माणसे उचलून नेत होता, त्या भूमीत वाहक अधिक संख्येने जगले व वाढले. आणि त्यांच्या पोटी जन्मणाऱ्या काही मुलांनी त्या संरक्षणाची किंमत भरली.

आता चंद्रपूर आणि गडचिरोलीचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन वैनगंगेपलीकडचा वनप्रदेश गडचिरोली जिल्हा झाला. साग, बांबू, मोहाची रानं. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले. आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारा डास. महाराष्ट्रातील हिवतापाचे एक मोठे आगर म्हणून गडचिरोलीचे नाव आजही घ्यावे लागते. तेव्हा येथे सिकलसेल आढळावा यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते त्याची ओळख पटण्यास लागलेल्या वेळाचे. भारतात ही पेशी प्रथम १९५२ साली नोंदली गेली, ती निलगिरीच्या आदिवासींत, लेहमन आणि कटबुश यांच्याकडून. आपल्या विदर्भासाठी महत्त्वाचे वर्ष १९५८. त्या वर्षी नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरील आपला निबंध ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केला. हा दोष केवळ डोंगरदऱ्यांतील जमातींचा नसून नागपूर भागातील गावोगावच्या व शहरातल्या समाजांतही आहे, हे त्यामुळे विद्वानांच्या ध्यानी आले. पुढे पुण्याच्या डॉ. शरच्चंद्र काटे यांनी महाराष्ट्राच्या अनेक आदिवासी जमातींची पाहणी केली. तीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर अशा काही गटांत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ इतके आढळले. म्हणजे काही पाड्यांत दर चौथा-पाचवा मनुष्य नकळत हा दोष वाहतो आहे.

हा रोग मुलाच्या हाडांत कसा दिसतो ते ऐकण्याजोगे आहे. जन्मानंतर काही महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते. ते ओसरले की सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या वयात एक दिवस बाळाचे दोन्ही हात किंवा पाय सुजतात, ते रडून आकांत करते, ताप येतो. पुष्कळ मुलांत रोगाची हीच पहिली खूण असते. पुढे मांडीचे, पाठीचे हाड ठणकते. आणि क्वचित, अगदी क्वचित, कवटीच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तेथे सूज येते, डोके दुखते, डोळ्याच्या खोबणीपाशी फुगते. ही सूज बहुतेक वेळा विश्रांती, पाणी व वेदनाशामक औषध यांनी ओसरते. परंतु कधी कवटीच्या आतल्या अंगास रक्त साचून मेंदूवर दाब येतो, आणि मग तास-दोन तासांचाही विलंब परवडत नाही.

असे मूल दवाखान्यात आले म्हणजे परीक्षा डॉक्टरची असते. सुजलेले, तापलेले, दुखणारे हाड हाडाच्या जंतुदोषानेही होते, क्षयानेही होते, आपण पाहिलेल्या त्या ‘अज्ञात राशी’च्या विकारानेही होते, आणि कर्करोगानेही होऊ शकते. घाईने शस्त्र चालविले तर ज्या मुलाला सलाइनची गरज होती त्याच्यावर निष्कारण भूल आणि चाकू यांचा भार पडतो. उलट सिकलसेलच्या मुलाला जंतुदोष लवकर जडतो, म्हणून ‘हे नेहमीचेच दुखणे’ असे म्हणून सोडून देणे तितकेच घातक. या जिल्ह्यांत आणखी एक सापळा आहे. एकदा मुलाच्या कागदावर सिकलसेल असे लिहिले गेले की, पुढचे प्रत्येक दुखणे त्याच खात्यावर मांडण्याचा मोह होतो. सिकलसेलच्या मुलालाही साधे टेंगूळ येते, क्षय होतो, गाठ होते. निदान म्हणजे चिकटविलेली चिठ्ठी नव्हे. दर वेळी नव्याने विचारलेला प्रश्न होय.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याची साधने मात्र सर्वांस सारखी लाभत नाहीत. सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालचे. चंद्रपुरास असे महाविद्यालय मिळाले २०१५ साली, आणि गडचिरोलीस २०२४ साली. मधल्या दीर्घ काळात रानातले मूल प्रथम पुजाऱ्याकडे गेले, वैदूकडे गेले, आणि पुष्कळदा पुढे कोठेच गेले नाही. त्याबद्दल त्या आईबापांस अडाणी म्हणणे सोपे आहे. ज्या दाराशी पोहोचण्यास दोन दिवस चालावे लागते ते दार उघडे होते असे म्हणण्यात अर्थ नाही.

या अंधारात दिवे लावणाऱ्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नसलेल्या त्या ठिकाणी माडियांचा दवाखाना चालविला. तेथे यंत्रांपेक्षा डोळे, बोटे आणि माडिया भाषेत विचारलेले प्रश्न हीच साधने होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम आरंभिले. त्यांचा एक प्रयोग आपल्या विषयास उपकारक आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखावयाचा, पण खेड्यातील दाईला अंक मोजता येत नाहीत. म्हणून एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांची ओळ असे साधे उपकरण करण्यात आले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा; वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली की न्यूमोनिया समजावा. न्यूमोनिया खेड्यातच ओळखून तेथेच औषध दिल्याने बालमृत्यू घटतात, हे त्यांच्या १९९० सालच्या ‘लॅन्सेट’मधील निबंधाने जगापुढे मांडले. श्वास आणि कवटी यांचा येथे संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध हा की, निदान ही मोठ्या शहरातील मोठ्या यंत्राचीच मिरासदारी नाही. योग्य प्रश्न योग्य माणसाच्या हाती दिला तर निरक्षर दाईदेखील मूल वाचविते.

सिकलसेलच्या बाबतीतही असेच आहे. कवटीचे चित्र काढण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न अगदी साधे आहेत. लहानपणी याचे हातपाय सुजले होते काय? भावंडांपैकी कोणी वरचेवर अंग दुखून निजत असे काय? डोळे पिवळे होतात काय? मागे रक्त चढवावे लागले होते काय? बोटाच्या टोकावरचे थेंबभर रक्त घेऊन करावयाची साधी चाचणी रोगाची शंका दाखविते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी दुसरी चाचणी वाहक कोण आणि रोगी कोण ते सांगते. एवढे आधी कळले, तर हाडाच्या सुजेकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. आणि कळून उपयोग काय, असेही आता कोणी म्हणू नये. लहान मुलांस नियमाने पेनिसिलिन दिल्यास घातक जंतुदोष पुष्कळ टळतात हे १९८६ साली सिद्ध झाले. हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात हे १९९५ साली. दोन्ही औषधे आपल्या देशात मिळतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, असा तिचा संकल्प आहे.

परंतु श्रोतेहो, संकल्पाच्या मार्गात एक काटा आहे, आणि तो काढणे सरकारच्या नव्हे, आपल्या हाती आहे. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून लग्नापूर्वी तपासणी करावी हे सांगणे योग्यच. पण आपल्या समाजात या तपासणीचा कागद पत्रिकेप्रमाणे वापरला जातो. मुलगी वाहक निघाली की स्थळ मोडते. मुलगा वाहक निघाला की कागद दडविला जातो. मग आईबाप तपासणीच टाळतात, आणि पुढच्या पिढीतील आजारी मूल कोणत्याही पूर्वसूचनेविना सुजलेल्या कपाळाने दवाखान्यात येते. वाहक असणे हा रोग नाही, कलंक तर नाहीच नाही. ज्या पूर्वजांनी हिवतापाशी झुंज देऊन या रानात वस्ती टिकविली त्यांची ती निशाणी आहे. दोघेही वाहक नसावेत एवढीच काय ती काळजी. एक वाहक आणि एक निर्दोष यांच्या संसारात मुलांना हा रोग होत नाही.

तात्पर्य, मुलाच्या डोक्यावर टेंगूळ दिसले तर भिऊन जाऊ नये आणि दुर्लक्षही करू नये. ते केव्हापासून आहे, वाढते की ओसरते, दुखते की नाही, हे आईला विचारावे, कारण तिच्याइतके ते कोणी पाहिलेले नसते. ताप, ओकारी, झोपाळूपणा असेल तर वेळ दवडू नये. रक्ताची तपासणी चित्राच्या आधी किंवा बरोबरच व्हावी. आणि उत्तर सापडेपर्यंत लिख्टेनस्टाइनप्रमाणे ‘अद्याप ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्य डॉक्टरने दाखवावे व ते ऐकून घेण्याचा धीर आपण दाखवावा.

फिलाडेल्फियातील त्या तीन वर्षांच्या मुलाच्या वेळी जगात कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते. त्याचा दोष हँडला देता येत नाही. आज भामरागडच्या किंवा जिवतीच्या मुलाच्या बाबतीत मात्र उत्तर बहुतेक ठाऊक असते. ते ठाऊक असूनही त्या मुलापर्यंत वेळेवर पोहोचले नाही, तर त्याचा जाब पुढच्या पिढीचा इतिहासकार आपणांस विचारील, आणि तेव्हा अज्ञानाची सबब आपल्यापाशी असणार नाही.